काचेचं घर नको, मांडव घाला

दिवाळी झाली, हवा जरा गार झाली की आमच्या वाईच्या रोपवाटिकेत एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये फोटो. फोटोत कापलेली हिरवळ, विटांची पायवाट, तिच्या टोकाला पांढऱ्या चौकटीचं काचेचं टुमदार घर, आत लगडलेले टोमॅटो आणि कोपऱ्यात वेताची खुर्ची. “काकू, असं करून देणारं कुणी आहे का ओळखीत?” ओळखीत आहेत तसे तिघं-चौघं. पण नंबर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. बंगला कुठं आहे, आणि आत लावणार काय? पहिल्याचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला बहुतेक जण म्हणतात, “ते बघू नंतर. आधी घर तर उभं राहू दे.”

इथंच सगळं फिसकटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रातल्या घरच्या बागेला चार भिंतींचं बंद हरितगृह क्वचितच लागतं. लागतं ते डोक्यावर काहीतरी, आणि तेही झाडाला नेमका कशाचा त्रास आहे हे कळल्यावर. उन्हाचा, पावसाचा, किडीचा की थंडीचा? चारही गोष्टींचा बंदोबस्त करणारं एकच घर विकणारे भेटतात, पण तसं घर नसतं. उन्हासाठी घातलेली शेडनेट पावसाला अडवत नाही. पाऊस अडवणारा कागद (पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात) उन्हाळ्यात आतली हवा कोंडतो. पांढरी माशी अडवायची तर जाळी इतकी बारीक घ्यावी लागते की वारासुद्धा आत येत नाही. एकावरचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर. म्हणून सगळ्यात मोठा त्रास कोणता ते आधी ठरवावं, त्याची सोय करावी आणि बाकीचे थोडेफार सोसावेत.

फोटोतलं घर वाईट नाही. ते आपल्या गावी अगदी बरोबर आहे. हॉलंडमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातही आभाळ भरलेलं. तिथल्या बागायतदारांचा एक ठोकताळा आहे: उजेड एक टक्का घटला की उत्पन्नही साधारण एक टक्क्यानं घटतं. म्हणून ते काच वापरतात, ती धुऊन स्वच्छ ठेवतात आणि सांगाड्याच्या पट्ट्या होतील तितक्या बारीक करतात. लंडनच्या क्यू बागेतलं पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काच वापरून बांधलं गेलं, खाली बॉयलर पेटवून ते ऊबदार ठेवलं जायचं. कशासाठी, तर उष्ण देशांतले ताडमाड तिथं जगावेत म्हणून. तोच माड आपल्या कोकणात कुणाच्याही परसात फुकटात उभा आहे. त्यांना उजेड आणि ऊब पुरत नाही, आपल्याला दोन्हीपासून तोंड लपवावं लागतं. मग घर एकच कसं चालेल?

बंद घर तापतं कशामुळं, हेही नीट समजून घ्यायला हवं. शाळेत आपण शिकलो की काच ऊन आत येऊ देते आणि आतली उष्णता बाहेर सोडत नाही. ते काही अंशी खरं आहे. पण रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये एक साधा प्रयोग केला. दोन खोकी घेतली, एकावर काच बसवली आणि दुसऱ्यावर सैंधवाची पाटी. काच अडवते ती उष्णतेची प्रारणं सैंधवातून आरपार जातात. तरीही उन्हात ठेवल्यावर दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली, फरक पडला तो अंशभराचा. म्हणजे मुख्य कारण वेगळंच होतं: तापलेल्या हवेला वर जाऊन निघून जायला वाट नव्हती.

ही एवढीशी गोष्ट ज्याच्या ध्यानात राहिली तो फसत नाही. विकणारा तुम्हाला काच, पॉलिकार्बोनेट, कागद यांच्यात गुंतवून ठेवतो. तुम्ही विचारायचं एवढंच, की गरम हवा बाहेर कुठून जाणार? खोक्यात बंद होऊन येणारं सहा बाय आठ फुटांचं तयार घर असतं, त्याला पुढं एक दार आणि छपराला पाटीएवढी एक खिडकी. एप्रिलच्या दुपारी त्यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त सहज चढतात. बाहेर अडतीस असताना आत पन्नास. टोमॅटोचं म्हणाल तर दिवसा पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की त्याची फुलं गळून पडतात. त्या घरात रोपाला पाणी कितीही घाला, फळ धरणार नाही.

जागा लहान असेल तर उंची वाढवा. छोट्या घरात हवाच थोडी, ती तापायला वेळ लागत नाही. मध्यावर दहा-बारा फूट उंची मिळाली तर गरम हवा झाडांच्या डोक्यावर जाऊन थांबते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. झरोका मात्र वाऱ्याच्या पाठीकडं उघडणारा हवा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा-पश्चिमेचा, म्हणून झरोक्याचं तोंड पूर्वेकडं. ते पश्चिमेला ठेवलं तर पहिल्याच वादळात वारा आत शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. शिवाय दोन लांब बाजू कमरेपासून वर पूर्ण उघडता याव्यात, गुंडाळायच्या पडद्यानं. एवढं केल्यावर जे उरतं, त्याला घर म्हणायचं की मांडव हे तुम्हीच ठरवा.

हवामान म्हटलं की लोक ‘महाराष्ट्राचं हवामान’ असं बोलतात. असलं काही नसतं. आमच्या वाईत वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की त्याच्या दुप्पट-अडीचपट. तिथून पुढं वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथं साडेपाच हजारांच्या वर. एका सकाळी टेम्पोनं रोपं पोचवून परत यावं एवढ्या अंतरात तीन वेगळे देश. वाईत माझ्या रोपांना मार्च ते मे उन्हापासून जपावं लागतं. महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर धुकं, ओल आणि आडवी झड. ऊन महिनोन्‌महिने दिसत नाही, तिथं शेडनेट घालणं म्हणजे उपाशी माणसाच्या पुढ्यातलं ताट काढून घेणं. आणि तरीही वरच्या कितीतरी बंगल्यांवर मी बारमाही हिरवी जाळी ताणलेली बघते, कारण बसवणाऱ्याकडे तीच शिल्लक होती.

स्ट्रॉबेरीवाल्यांनी यातून स्वतःची वाट काढलेली आहे. पावसाळ्यात रोपं वाढवायची ती खाली, कमी पावसाच्या भागात, आणि पाऊस ओसरला की वर नेऊन मोकळ्या वाफ्यावर लावायची. वरच्या पावसाशी झुंजणारं घर उभारण्यापेक्षा रोपांनीच जागा बदलली. घरच्या बागेतही हे जमतं. कुंडीला चाकं लावली, तर अर्ध्या लोकांना हरितगृह लागणारच नाही. पण हे सांगितलं की गिऱ्हाईक हिरमुसतं.

आता झाडांकडं येते. सगळ्यात जास्त चूक निवडुंग, ॲडेनियम आणि इतर मांसल पानांच्या झाडांच्या बाबतीत होते. नाजूक दिसतात, महाग असतात, म्हणून लोक त्यांना सावलीत घालतात. त्यांना सावली नको, कोरडी मुळं हवीत. ॲडेनियमला आपलं मे महिन्यातलं ऊन चालतं. मरतं ते जुलैमध्ये, बुंध्याला हात लावला की बोट आत जातं तेव्हा. त्याला हवं डोक्यावर पारदर्शक छप्पर आणि चारही बाजूंनी वारा. छप्पर कुंड्यांच्या रांगेच्या पुढं दोन-अडीच फूट आलं पाहिजे, नाहीतर झड आत येते आणि काठावरच्या कुंड्या वरच्यावर भिजत राहतात.

ऑर्किडचं याच्या उलट. डेंड्रोबियमला साधारण पन्नास टक्के सावली पुरते, फॅलेनॉप्सिसला पंचाहत्तर लागते, व्हॅन्डाला बरंच ऊन लागतं. तिन्ही एका जाळीखाली टांगून “सगळ्यांना फुलं का येत नाहीत” म्हणून विचारणारे खूप. अँथुरियमला दाट सावली आणि दमट हवा. कोकणातल्या माणसानं त्यासाठी पाइप उभे करूच नयेत, पोफळीखाली ते जसं वाढतं तसं विकतच्या जाळीखाली वाढणार नाही. मेथी-कोथिंबीर उन्हाळ्यात हवी असेल तर पन्नास टक्क्यांची जाळी आणि खाली गादीवाफा, बस. जरबेरा, डच गुलाब, रंगीत ढोबळी मिरची यांना खरोखर पॉलिहाऊस लागतं, पण तो मावळ-तळेगावच्या फूलशेतीचा धंदा झाला. बंगल्यात चार जरबेऱ्यांसाठी तो खटाटोप कशाला?

शेडनेटच्या आकड्यांचा गोंधळ तर रोजचा. पन्नास टक्के म्हणजे पन्नास टक्के ऊन अडवणारी. पंचाहत्तर घेतली की आत फक्त पाव ऊन येतं. दुकानात लोक मोठा आकडा म्हणजे चांगला माल समजून नव्वदची घेऊन जातात आणि तिच्याखाली वांगी लावतात. वांगी मग उंचच उंच, पिवळट, काठीसारखी होतात. जाळी हातात घेऊन आकाशाकडं धरून बघा. विणीत एका चौकोनात भोक मोठं आणि शेजारच्यात छोटं दिसलं तर ठेवून द्या, ती पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडेल. रंगाचंही तसंच. हिरवी जाळी खपते कारण ती बागेत शोभते. पण पानांना हिरव्या उजेडाचा उपयोग त्यातल्या त्यात कमी. काळी जाळी उजेडाचा रंग बदलत नाही, फक्त प्रमाण कमी करते; ती स्वतः तापते म्हणून मात्र झाडांपासून हात-दीड हात नव्हे, चांगली चार फूट वर बांधावी. पांढरी जाळी ऊन पसरवते, त्यामुळं खालच्या पानांपर्यंत उजेड पोचतो. भाजीसाठी मला तीच आवडते, धुळीनं लवकर मळते तरीही.

आणि जाळी कागदाच्या आत बांधू नका. ऊन एकदा आत आलं की आतच तापवतं. जाळी बाहेर, कागदाच्या वर, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

माझं माहेर मिरज तालुक्यातलं, पानमळ्याचं. त्यामुळं हरितगृह ही काही परदेशी चीज आहे असं मला कधी वाटलं नाही. मिरजेकडचे पानमळे ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशी भरभर वाढणारी हलक्या पानांची झाडं ओळीनं लावायची, त्यांच्याच अंगावर पानवेल चढवायचा. कडेनं वारा अडवायला ताट्या. आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन एकदम निवतं, मातीचा ओला वास येतो, आणि उजेड असतो तो ठिपक्याठिपक्यांचा, सारखा हलणारा. वेलाला कोवळी, रुंद, पातळ पानं धरायला हेच हवं असतं.

त्यातलं शहाणपण सावली देण्यात नाही, ती काढून घेण्यात आहे. चैत्र-वैशाखात फांद्या दाट ठेवायच्या. पाऊस लागला, आभाळ भरून आलं की कोयता घेऊन फांद्या छाटायच्या, म्हणजे उजेड खाली उतरतो आणि वेलाशी ओल साचून कूज लागत नाही. छाटलेली शेवरी शेळ्यांना. हिवाळ्यात ती पुन्हा फुटते, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा दाट. आमचे आजोबा आभाळाकडं बघून फांदी किती तोडायची ते ठरवत. आज इस्रायली की डच तंत्र म्हणून जो सरकता पडदा विकला जातो, तो हेच काम मोटरवर करतो.

म्हणून माझी पहिली अट हीच असते: सावली हलवता आली पाहिजे. मोटर नको. दोन बाजूंना तारा ताणा, जाळीच्या काठाला कड्या लावा, पडद्यासारखी ओढा. श्रावणात ती पूर्ण बाजूला असली पाहिजे. खिळे ठोकून कायमची बसवलेली जाळी मी कुणाच्याही बागेत बघितली की मला ती सोडवावीशी वाटते.

स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा कोरडा, उन्हाचा प्रांत आहे. युरोपला हिवाळ्यात खायला लागणारी ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो तिथून जातात, तीस हजार हेक्टरांच्या आसपास जमीन प्लास्टिकखाली आहे. त्यांनी हॉलंडचं काचेचं घर उचललं नाही. त्यांच्याकडे द्राक्षाचे मांडव होते, खांब आणि तारांचे. साठच्या दशकात त्याच मांडवांवर प्लास्टिक टाकून त्यांनी सुरुवात केली. उन्हाळा आला की छपरावर चुन्याचं पाणी मारतात, ऊन मंदावलं की धुऊन टाकतात. आपल्या नाशिक-सांगलीला द्राक्षाचे मांडव काय कमी आहेत? तेच खांब, त्याच तारा, तोच गवंडी. त्यातून घरच्या बागेसाठी स्वस्त, हवेशीर काहीतरी घडवावं असं हरितगृहं उभारून देणाऱ्या आपल्या फॅब्रिकेटरांना का सुचू नये, हे मला कोडं आहे. चुन्याचा उपाय तर आजही करता येतो. मे महिन्यासाठी कागदावर चुन्याचं पातळ पाणी मारायचं, पहिल्या पावसात बरीचशी आपोआप धुऊन जाते.

किडीसाठी चारही बाजू जाळीनं बंद करायची हौस हल्ली वाढलेली आहे, “औषध न मारता भाजी” म्हणून. हेतू चांगला. चाळीस मेशची जाळी, म्हणजे इंचाला चाळीस भोकं, पांढरी माशी बऱ्यापैकी अडवते. फुलकिडे त्यातूनही शिरतात. पण जाळीनं माशी थांबते तशी मधमाशीही थांबते. आत दुधी, कारली, दोडका लावला तर नरफुलं येतील, मादीफुलं येतील, आणि बोटाएवढं फळ पिवळं होऊन गळेल. मग सकाळी सहा-सातला नरफूल तोडून मादीफुलावर घासत बसायचं. दुधी-दोडक्याचं तर संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात. ज्यांना हे जमतं त्यांनी करावं, निवृत्त माणसांना छान विरंगुळा आहे. नाहीतर पॉलिहाऊसची बिनपरागाची फळ धरणारी काकडी मिळते, ती लावावी. टोमॅटो-मिरचीला एवढा त्रास नाही, दुपारच्या आत झाड जरा हलवलं की काम होतं.

विदर्भातल्या लोकांचा प्रश्न वेगळा आणि उत्तरही वेगळं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, सावलीतली हवासुद्धा भाजते. तिथं नुसता मांडव पुरत नाही. पण तिथली हवा कोरडी असते आणि हाच मोठा आधार. ज्यांच्या घरी वाळ्याचे किंवा गवताचे पडदे लावलेला कूलर आहे, त्यांना पंखा आणि ओला पॅड हे तंत्र समजावून सांगायला नको. चव्वेचाळीस अंशांची, पंधरा टक्के आर्द्रतेची हवा ओल्या पॅडमधून ओढली तर ती सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरू शकते. तेच यंत्र रत्नागिरीत लावा. तेहेतीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता असली तर ते जेमतेम तीन अंश खाली आणेल आणि आत असा दमटपणा करेल की पानापानावर बुरशी. मुंबईच्या एका हौशी माणसानं गच्चीवर असं यंत्र बसवून घेतलं होतं, विकणाऱ्यानं त्याला मुंबईच्या हवेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. वीजबिल बघून त्यानं ते बंद केलं, आणि बंद घरात यंत्र बंद पडलं की काय होतं ते त्याच्या फर्ननं दोन दिवसांत दाखवलं.

फॅब्रिकेटरांविषयी माझा राग आहे तो या गप्प बसण्याबद्दल. काम वाईट करतात असं नाही, पाइप सरळ उभे करतात. पण गोदामात असेल तो माल कोकणापासून लातूरपर्यंत सारखाच बसवतात. पाचगणीजवळच्या एका बंगल्यात मला “छपराला शेवाळ का येतंय” म्हणून बोलावलं होतं. पॉलिकार्बोनेटच्या पोकळ पत्र्याला आत समांतर नळ्या असतात. त्या नळ्या उताराच्या दिशेनं खाली आल्या पाहिजेत, म्हणजे आत जमलेली वाफ पाणी होऊन निथळते. तिथं त्या आडव्या होत्या. नळ्यांची तोंडं टेपनं बंद केली नव्हती, त्यामुळं आत धूळ, मुंग्या आणि पाणी, सगळं जमून हिरवं झालं होतं. आणि ज्या बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो ती बाजू आभाळाकडं हवी. छापील फिल्मवर तसं लिहिलेलंही असतं. ती खाली होती. पत्रा पिवळा पडून तडकायला लागला होता. जिन्नस महागाचा, दोष बसवण्याचा. कागदाचंही असंच. अतिनील प्रक्रिया केलेला दोनशे मायक्रॉनचा कागद तीन ते पाच वर्षं टिकतो. पण पाइप उन्हात तापतो आणि कागद जिथं त्याला टेकतो तिथं आधी ठिसूळ होतो, म्हणून त्या रेषेत पाइपला पांढरा रंग द्यायचा. पाच मिनिटांचं काम. कुणी करत नाही.

गच्चीचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्यात आता बागा गच्चीवरच उरल्यात. गच्चीवर छिद्र पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंग जातं, म्हणून लोक तेलाच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात पाइप रोवतात. पंधरा लिटरचा डबा पस्तीस-छत्तीस किलो भरतो. चार कोपऱ्यांना चार, म्हणजे दीडशेच्या आतच. ताशी साठ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सतराएक किलोचा जोर लावतो, तेव्हा दहा बाय बारा फुटांचा ताणलेला कागद १८० ते १९० किलोनं ओढला जातो. हिशेब तुम्हीच करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून वर आलं, तेव्हा मावळात जमिनीत पाया घेतलेल्या पॉलिहाऊसचेही कागद फाटले. गच्चीवर कागद नको. जाळी चालते, कारण तिच्यातून वारा निघून जातो, आणि तीही कठड्याला तारेनं बांधून. ॲडेनियमवाल्यांनी गच्चीवर कुंड्या जिन्याच्या टोपीखाली सरकवाव्यात, चार महिन्यांचा प्रश्न आहे.

बंद घर कुणालाच नको, असं मात्र मी म्हणत नाही. कलमं आणि कटिंगं रुजवायची असतील तर बंद, दमट जागा लागते. माझ्याही रोपवाटिकेत कमरेएवढ्या उंचीचा एक बोगदा आहे, वर कागद, त्यावर जाळी, आत फॉगर. निफाडकडं जानेवारीत पहाटेचा पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथं परसातल्या मिरचीच्या रोपांवर रात्रीपुरता कागद हवाच. पण तो तारेच्या कमानींवर टाकायचा आणि सकाळी नऊला उचलायचा. त्यासाठी काचेची खोली बांधायचं काही कारण दिसत नाही. मराठवाड्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी जे केलं ते ज्यांनी सोसलं, त्यांना गारांची जाळी हवीशी वाटणं साहजिक आहे, आणि तीही मांडवावरच पडते.

उभारायचं ठरलंच तर सांगाडा हिवाळ्यात उभा करून घ्या, मजूर मिळतात आणि माती मऊ असते. जाळी होळीच्या सुमारास चढवा. कागद मेअखेरीला, वळवाच्या वावटळी येऊन गेल्यावर; आणि पावसाळाभर त्याच्याखालच्या कुंड्यांना पाणी तुम्हालाच घालायचं आहे, हे विसरू नका, बाहेर मुसळधार कोसळत असताना आत झाडं वाळलेली मी पाहिली आहेत. दसऱ्याला कागद उतरवा. उन्हाळ्याचं ऊन न खाल्लेला कागद दीडपट तरी चालतो. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत पूर्ण वाळवा, गुंडाळी करा, घडी नको, घडीवर तो चिरतो. माळ्यावर ठेवताना गुंडाळीची दोन्ही तोंडं पोत्यानं बांधा. उंदरांना त्या पोकळीत बाळंत व्हायला फार आवडतं.